राजम्याच्या पानातलं घड्याळ घरच्या घरी कसं मोजायचं

दिवे लागल्यावर झाडाला हात लावू नये, झाडं झोपलेली असतात, असं आपल्याकडे घरोघरी सांगतात. चिंच, टाकळा, रस्त्याकडेचा पर्जन्यवृक्ष संध्याकाळी पानं मिटून घेतात हे कोणीही पाहू शकतं. पण ती अंधार पडला म्हणून मिटतात, की अंधार पडणार हे त्यांना आतून कळलेलं असतं? याचं उत्तर एक पुठ्ठ्याचं खोकं आणि किराणा दुकानातला मूठभर राजमा एवढ्यावर मिळतं. दिवस-रात्र कळणार नाही अशा खोक्यात रोप ठेवायचं आणि त्याचं पान एकदा खाली लोंबल्यापासून पुन्हा लोंबेपर्यंत किती तास जातात ते मोजायचं. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी दरवर्षी कोणी ना कोणी हा प्रयोग करतं आणि बहुतेक वेळा तो फसतो. फसल्याचं कळतही नाही, कारण तक्ता छान भरलेला असतो आणि उत्तर अगदी २४ तास आलेलं असतं. एकट्या सोडलेल्या रोपाचं उत्तर खरं तर बरोबर २४ येत नाही.

चूक जवळपास सगळ्यांची एकच. रोपाला दिवस-रात्रीपासून तोडलं असं आपण धरून चालतो आणि नकळत रोज ठरावीक वेळी त्याला वेळ सांगत राहतो. कधी टॉर्चने, कधी पाणी घालताना, कधी उन्हाने तापलेल्या भिंतीने. म्हणून या लेखात मोजण्यापेक्षा तयारीवर जास्त भर दिला आहे. बी पेरल्यापासून आकडा हाती येईपर्यंत साधारण तीन आठवडे धरा.

१. झाड कोणतं घ्यायचं

सगळे आधी लाजाळू आणतात. तिथेच गडबड होते. लाजाळूचं पान रात्री मिटतं तसं ते धक्क्यानेही मिटतं. खोकं हललं, वाऱ्याची झुळूक लागली, कुंडी सरकवली की ते मिटणार. मग नोंदवहीत 'मिटलं' लिहिताना ते झोपेने मिटलं की आपल्यामुळे, हे कसं ठरवणार?

राजमा घ्या. सातारा जिल्ह्यातला कोरेगावचा वाघ्या घेवडा मिळाला तरी चालेल, तो आणि श्रावण घेवडा राजम्याच्याच प्रजातीतले. या रोपाला सुरुवातीला समोरासमोर दोन साधी, बदामाच्या आकाराची पानं येतात. तीन-तीन पर्णिकांची पानं नंतर येतात. आपल्याला ही पहिली दोनच पानं हवी आहेत. दिवसा ती जवळजवळ आडवी असतात आणि रात्री टोक जमिनीकडे करून खाली लोंबतात. हालचाल मोठी असते, फोटोत स्पष्ट दिसते, आणि हलक्या धक्क्याने पान मिटत नाही.

पान नेमकं कुठे वाकतं ते एकदा जवळून पाहून घ्या. देठ जिथे पानाच्या पात्याला मिळतो तिथे काही मिलीमीटर लांबीचा, किंचित फुगीर सांधा असतो. त्याला पल्व्हिनस म्हणतात, मी पुढे त्याला पानाचं मनगट म्हणेन. मनगटाच्या एका बाजूच्या पेशींमध्ये पोटॅशियम आणि क्लोराइड शिरतात, त्यांच्यामागोमाग पाणी शिरतं आणि ती बाजू फुगते. दुसऱ्या बाजूचं पाणी उतरतं आणि ती आक्रसते. त्यामुळे पान वाकतं. काही तासांनी हेच उलट होतं. ही भरती-ओहोटी कधी करायची, ते पेशींमधलं घड्याळ ठरवतं.

तपासा: रात्री लोंबलेलं पान आणि तहानेने मलूल झालेलं पान लांबून सारखंच दिसतं. बोटाने हलकेच उचलून पाहा. झोपलेल्या पानाचं पातं ताठ असतं, फक्त मनगटात वाकलेलं असतं. तहानेलं पान सगळीकडून लुळं पडलेलं असतं.

२. खोकं प्रकाशबंद करा

मिक्सर किंवा लहान ओव्हनचं खोकं पुरेल, आत तीन रोपं मावून वर वीतभर जागा उरली पाहिजे. आतून पांढरा कागद लावा. बाहेरून सगळ्या कडांना अॅल्युमिनियम फॉइल लावून काळी इन्सुलेशन टेप मारा. पॅकिंगची खाकी टेप वापरू नका, तिच्यातून उजेड बऱ्यापैकी आत येतो.

एका बाजूला पानांच्या उंचीवर मोबाइलच्या कॅमेऱ्यापुरतं भोक पाडा. मोबाइल बाहेर राहील, फक्त कॅमेरा भोकाला टेकेल आणि त्यावर काळं कापड दुमडून टाकायचं. मोबाइल आत ठेवू नका. तो तापतो आणि स्क्रीन उजळली की आत प्रकाशाचा झोत पडतो.

आत सतत चालू राहणारा एक मंद पांढरा दिवा लावा, अर्ध्या वॅटचा एलईडी झिरो बल्ब. बरेच जण इथे अडतात: अंधारात ठेवायचं ना, मग दिवा कशाला? पूर्ण अंधारातही घड्याळ चालतं, पण कोवळ्या रोपाची शिदोरी लवकर संपते, पानांची हालचाल दिवसागणिक बारीक होत जाते आणि फोटो काढायला दिवा लावावाच लागतो. मंद दिवा अखंड चालू असला की या तिन्ही अडचणी जातात. रोपाला वेळ कळते ती उजेड-अंधाराच्या बदलातून. बदलच नसेल तर अखंड उजेडातूनही त्याला काही कळत नाही.

तपासा: रात्री खोलीतले दिवे घालवून खोक्यात मोठा टॉर्च ठेवा, झाकण लावा आणि चहूबाजूंनी फिरून पाहा. जिथून उजेड बाहेर येतो तिथून दिवसा तो आत जाणार. एक रेघही दिसता कामा नये. झाकणाच्या कोपऱ्यांत हमखास दिसते.

सावधान: लोडशेडिंगचं आधीच बघा. दोन तास वीज गेली की रोपाच्या दृष्टीने मध्येच एक छोटी रात्र झाली. घरी इन्व्हर्टर असेल तर दिवा त्यावर घ्या. पॉवरबँक वापरणार असाल तर आधी एक दिवस चालवून बघा, कारण इतका कमी करंट खेचला जात असेल तर बऱ्याच पॉवरबँका काही वेळाने आपोआप बंद पडतात.

३. खोक्याची जागा

उजेडाइतकीच थंडी-उष्णताही रोपाला वेळ सांगते, आणि हे कोणाच्या लक्षात येत नाही. दिवसा तापणारी आणि रात्री निवणारी जागा म्हणजे भिंतीवर टांगलेलं घड्याळच. पत्र्याखालचा माळा, पश्चिमेची भिंत, ओटा, फ्रिजची मागची बाजू, रात्री एसी लागणारी झोपायची खोली, यांतलं काही नको. घराच्या मधल्या भागातली, शक्यतो तळमजल्यावरची खोली चांगली.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण तिच्यामुळे गोंधळ होतो. खोली २२ अंशांवर असो की २७ वर, स्थिर असेल तर घड्याळाच्या गतीत फारसा फरक पडत नाही. शरीरातली बहुतेक कामं उष्णतेने भराभर होतात, पण या घड्याळाची रचनाच अशी आहे की ते आपली गती सांभाळून धरतं. आपल्याला त्रास होतो तो रोजच्या चढ-उताराचा. म्हणून खोक्याला लागून पाण्याने भरलेला २० लिटरचा जार ठेवा आणि दोघांवर मिळून जाड गोधडी घाला, फक्त मोबाइल उघडा ठेवा. पाणी हळू तापतं आणि हळू निवतं, त्यामुळे आतला चढ-उतार बोथट होतो.

तपासा: रोपं ठेवण्याआधी दिवा लावून, कमाल-किमान दाखवणारा थर्मामीटर आत दोन दिवस ठेवा. फरक २ अंशांच्या आत असेल तर उत्तम. ४-५ अंश असेल तर जागा बदला, पुढे जाऊ नका.

एप्रिल-मे टाळा. दुपारच्या उकाड्याने पानं दिवसाही खाली पडतात. सप्टेंबर ते फेब्रुवारी बरा काळ, मात्र कडाक्याच्या थंडीत बी उगवायला वेळ लागतो.

४. रोपं वाढवा आणि त्यांना एक दिनक्रम लावा

बारा बिया रात्रभर भिजवा. सकाळी कागदी पेल्यांत कोकोपीट आणि माती निम्मी-निम्मी भरून प्रत्येकी एक बी २-३ सेंटिमीटर खोल लावा. पेल्याच्या तळाशी भोक ठेवा, आणि लावतानाच त्यातून सुती नाडीचा तुकडा ओवून एक टोक मातीत व एक बाहेर लोंबतं ठेवा. त्याचं काम पुढे आहे.

कोंब वर आल्यापासून दिनक्रम काटेकोर पाळा: सकाळी ६ ला उजेडात, संध्याकाळी ६ ला काळोखात. दिवसा गॅलरी चालेल, रात्री मात्र कपाटात किंवा दुसऱ्या बंद खोक्यात. गॅलरीतच रात्र काढू देऊ नका, रस्त्यावरचा दिवा रोपाच्या रात्रीत घुसतो. शेवंती करणारे शेतकरी फुलं लांबवायची असली की याच गोष्टीचा उपयोग करतात. मध्यरात्री काही वेळ बल्ब लावून ते शेवंतीची लांब रात्र तोडतात आणि ती कळ्या धरायची थांबते. खांबावरच्या दिव्याखालची घरची शेवंती फुलत नाही त्याचंही बहुधा हेच कारण असतं.

पेरल्यापासून साधारण दोन आठवड्यांनी पहिली दोन पानं पुरती पसरतात. ती अजून वाढत असतील तर थांबा, वाढत्या पानाचा कोन वाढीमुळेही बदलतो.

तपासा: दुपारी १२ ला आणि रात्री १० ला एकेक फोटो काढून (रात्रीचा झटकन, आणि तोही एकदाच) दोन्ही शेजारी ठेवा. दिवसाच्या आणि रात्रीच्या कोनात निदान ३० अंशांचा फरक हवा. तेवढा नसेल तर आणखी दोन-तीन दिवस द्या. या तपासणीनंतर दिनक्रमाचे दोन दिवस अगदी निर्विघ्न जाऊ द्या.

या रोपांतली सर्वांत सरळ तीन खोक्यासाठी निवडा. दोन रोज ६-६ च्या दिनक्रमातच राहू द्या, तुलनेला लागतात. उरलेली टाकू नका, शेवटच्या टप्प्यात हवीत.

५. बांधणी, पाणी, कॅमेरा

राजम्याचं खोड स्थिर उभं राहत नाही, शेंडा हळूहळू गोल फिरत असतो आणि एक फेरी काही तासांत पुरी होते. ती फोटोत पानाच्या हालचालीत मिसळते. म्हणून आइसक्रीमची काडी रोवून, पानांचे देठ फुटतात त्याच्या जरा खाली खोड दोऱ्याने सैलसर बांधा. मनगट मोकळं राहिलं पाहिजे.

नाडीचं खालचं टोक पाण्याच्या वाटीत सोडा आणि पेला वाटीवर जाळी ठेवून टेकवा. नाडी जरूर तेवढं पाणी वर चढवते. पाच दिवस खोकं उघडायची वेळच येत नाही, आणि प्रयोग वाचवणारी सगळ्यांत स्वस्त वस्तू हीच.

रोपांमागे आलेखाचा कागद लावा. पान कॅमेऱ्याला कडेने दिसेल असा पेला फिरवा, समोरून दिसणाऱ्या पानाचा कोन मोजता येत नाही. जुना मोबाइल चार्जरला लावा, दर ३० मिनिटांनी आपोआप फोटो काढणारं अॅप टाका, फ्लॅश बंद करा आणि फोकस एकदाच ठरवून कुलूपबंद करा. पाच दिवसांचे २४० फोटो होतात, तेवढी जागा फोनमध्ये आहे ना ते पाहा.

जादा मोबाइल नसेल तर भोकातून डोळ्याने पाहिलं तरी चालेल. खोलीतला दिवा आधी घालवायचा, जुन्या फोटोग्राफरसारखं डोक्यावर काळं कापड घ्यायचं आणि मगच भोक उघडायचं. पाहण्याच्या वेळा रोज बदलत्या ठेवा.

६. सुरुवात संध्याकाळीच करा

शेवटच्या दिवशी संध्याकाळी ६ ला, म्हणजे रोपांचा दिवस नेहमीसारखा संपतो त्याच क्षणी, ती मंद दिव्याच्या खोक्यात ठेवा. मध्यरात्री किंवा भर दुपारी ठेवलीत तर तो बदल हीच त्यांच्यासाठी एक नवी खूण होते आणि घड्याळ पहिल्याच दिवशी सरकतं. ही वेळ म्हणजे तास शून्य.

आता १२० तास हात लावायचा नाही. मुलांना हे फार जड जातं. एका मुलीच्या नोंदी मला अजून आठवतात: सुंदर अक्षर, रोजचा तक्ता, चारही दिवस बरोबर २४ तासांचं अंतर. विचारलं तेव्हा म्हणाली, मी रोज रात्री जेवण झाल्यावर फक्त एकदा झाकण उघडून मोबाइलच्या टॉर्चने बघायचे. तिची काहीच लबाडी नव्हती. रोपाला मात्र तिच्या जेवणाची वेळ कळली होती.

सावधान: उघडावंच लागलं, वीज गेली, मोबाइल पडला, काहीही झालं तरी वेळ लिहून ठेवा. लिहिलेला व्यत्यय हिशेबात धरता येतो, लपवलेला नाही.

७. कोन मोजा

फोटो संगणकावर उघडून स्क्रीनवर पारदर्शक कोनमापक ठेवा. मनगट ते पानाचं टोक अशी रेघ धरा आणि ती उभ्या रेषेशी किती अंश करते ते लिहा. पूर्ण लोंबलेलं पान शून्याजवळ येईल, आडवं ९० च्या आसपास. वेळ घड्याळाची लिहू नका, तास शून्यापासून पुढे मोजत १२० पर्यंत सलग लिहा. रात्री १ वाजता, पहाटे ३ वाजता असं लिहिलं की पुढचा हिशेब हमखास चुकतो.

तिन्ही रोपांचे आलेख वेगवेगळे काढा. सरासरी आधी काढलीत तर एक रोप पुढे आणि एक मागे गेलेलं झाकलं जातं. रेघेत बारीक दाते दिसतील, ती पानाची छोटी चाळवाचाळव. त्यांना रात्र समजू नका, मोठी लाट तेवढी धरा.

८. हिशेब

प्रत्येक लाटेचा सर्वांत खालचा बिंदू शोधा, म्हणजे पान सर्वांत जास्त लोंबलेलं असण्याचा तास. पहिल्या २४ तासांतला बिंदू सोडून द्या. त्या रात्री रोप नव्या परिस्थितीशी जुळवून घेत असतं.

समजा बिंदू ३१, ५७, ८३.५ आणि ११० या तासांना आले. ११० मधून ३१ वजा केले की ७९. चार बिंदूंमध्ये अंतरं तीनच असतात, म्हणून ७९ भागिले ३, म्हणजे २६ तास २० मिनिटं. चारने भागणारे दरवर्षी भेटतात. त्यांचं उत्तर पावणेवीस तास येतं आणि मग दोष रोपाला दिला जातो.

हेच आकडे आपल्या घड्याळात घालून बघा. तास ३१ म्हणजे दुसऱ्या रात्री १ वाजता, ५७ म्हणजे पहाटे ३, ८३.५ म्हणजे पहाटे साडेपाच आणि ११० म्हणजे सकाळचे ८. बाहेर शाळेची घंटा व्हायची वेळ आणि खोक्यात ऐन मध्यरात्र. तुलनेची दोन रोपं मात्र गॅलरीत पानं पसरून बसलेली असतात. दोन्ही फोटो एकाच कागदावर शेजारी छापा, तक्त्यापेक्षा ते जास्त बोलतात.

राजम्यात आकडा २४ च्या थोडा वर यावा ही अपेक्षा. तिन्ही रोपांत काही मिनिटांचा, कधी तासाचाही फरक असतो, तो तसाच मांडा. लाटेची उंची रोज थोडी कमी होत गेली तर घाबरू नका. लाटा धरता येत नाहीत इतक्या सपाट झाल्या तर मात्र दिवा फार मंद किंवा रोपं फार कोवळी होती असं समजा.

९. बरोबर २४ तास आले तर

आनंद करू नका, शोध घ्या. आतलं घड्याळ एकटं सोडलं की ते पृथ्वीच्या फेरीशी मिनिटागणिक जुळत नाही. जुळलं असेल तर बाहेरून कोणीतरी ते रोज लावून देतंय. या क्रमाने तपासा: रोज एकाच वेळी उघडलं का, फ्लॅश चालू होता का, दिवसा कुठून उजेड येत होता का, तापमान रोज वर-खाली होत होतं का.

या यादीत लाल टॉर्चही धरा. लाल उजेड रोपाला दिसत नाही हा समज अजून टिकून आहे. तो अगदी उलटा आहे: लाल उजेड टिपण्यासाठी पानात फायटोक्रोम नावाचं रंगद्रव्यच असतं. १९२० च्या दशकात जर्मनीत, हॅम्बुर्गमध्ये, वनस्पतिशास्त्रज्ञ रोझ स्टॉपेल अंधाऱ्या खोलीत घेवड्याची पानं मोजत होत्या. पानं रोज पहाटे ३ ते ४ च्या सुमारास सर्वांत खाली येत, जराही न सरकता. त्यावरून त्यांनी हवेतला कुठला तरी अज्ञात घटक रोपांना वेळ सांगत असावा असं मानलं. एर्विन ब्युनिंग आणि कुर्ट स्टर्न या संशोधकांनी फ्रँकफुर्टला तेच करून पाहिलं तेव्हा वेळ काही तासांनी वेगळी आली. खोलीत जाऊन पाणी घालायचं काम हॅम्बुर्गला सकाळी होई आणि हे दोघं दुपारनंतर जात. दोन्हीकडे हातात निरुपद्रवी समजला जाणारा लाल दिवा असे. तो दिवा बंद केल्यावर रोपांचा दिवस २५.४ तासांचा निघाला.

अगदीच उजेड लागला तर मंद हिरवा, तोही क्षणभर. हिरवाही पूर्ण निर्दोष नसतो.

१०. घड्याळ उलटं लावून पाहा

हा टप्पा बहुतेक जण गाळतात. मला तो सर्वांत पटणारा वाटतो. राखून ठेवलेली रोपं घ्या आणि त्यांचा दिवस उलटा करा: संध्याकाळी ६ ते सकाळी ६ पर्यंत ९-१० वॅटच्या एलईडीखाली वीतभर अंतरावर, दिवसभर काळोखात. पहिले काही दिवस पानं गोंधळलेली दिसतात, ना धड वर ना धड खाली. पान केवळ उजेडाच्या तालावर नाचत असतं तर ते पहिल्याच रात्री उलटलं असतं. घड्याळ नव्या वेळेवर यायला दिवस लागतात. आठवडाभर द्या.

मग सकाळी ६ ला, त्यांचा दिवस संपताना, ती मंद दिव्याच्या खोक्यात ठेवा आणि तीन दिवस पुन्हा तसेच फोटो काढा. पहिला खालचा बिंदू आता आपल्या दुपारी आला पाहिजे आणि पुढचे त्याहून थोडे उशिराने. तो रात्रीच आला तर आठवडाभरात कुठेतरी दिवसाचा उजेड आत शिरत होता. खोक्याची टॉर्चने परत तपासणी करा.

खोक्यातून काढलेली रोपं लगेच उन्हात ठेवू नका, पानं करपतात. दोन-तीन दिवस झाडाच्या सावलीत ठेवून मग मोठ्या कुंडीत लावा. त्या दिवसांत रात्री एकेक नजर टाकत राहा आणि पानं पुन्हा आपल्या रात्रीला लोंबायला लागायला किती दिवस लागले, तेही नोंदवहीच्या शेवटच्या पानावर लिहा.